जुना फ्लॅट स्वस्तात घेऊन स्वतः दुरुस्त करून विकणं परवडतं का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात तीस-पस्तीस वर्षं जुन्या सोसायटीत ४० लाखांना पडीक अवस्थेतला वन बीएचके मिळतोय. सुट्टीच्या दिवशी स्वतः राबून तो नीट केला आणि वर्षाच्या आत विकला, तर पैसे सुटतील का. माझं उत्तर असं: वर्षाच्या आत बहुतेक वेळा नाही. राहायला किंवा भाड्याने द्यायला घेऊन दोन वर्षांच्या पुढे विकणार असाल तर जमू शकतं, पण इमारत चांगली निघाली तरच.

हिशेब मांडून बघा. मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे २.८० लाख (रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेली किंमत जास्त निघाली तर शुल्क त्या किमतीवर), नोंदणी ३० हजार, एक टक्का दलाली ४० हजार, वकिलाचे १५ हजार. दुरुस्तीला ५ लाख धरू. ३० लाखांचं कर्ज पावणेनऊ टक्क्यांनी असेल तर महिन्याला जवळजवळ २२ हजार नुसतं व्याज. आठ महिन्यांत पावणेदोन लाख. मेंटेनन्स महिना तीन हजार. विकताना पुन्हा दलाली. ५२ लाखांना विकला तरी हातात जेमतेम ८४ हजार उरतात, आणि २४ महिन्यांच्या आत विकल्यामुळे नफा अल्पकालीन धरून तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. तुमच्या रविवारांची मजुरी यात धरलेलीच नाही. २४ महिने उलटले की तोच नफा दीर्घकालीन होतो आणि दर साडेबारा टक्क्यांवर येतो.

म्हणून खरी कमाई खरेदीच्या दिवशी ठरते. फ्लॅटच्या आत शिरण्याआधी पार्किंगमधल्या कॉलमचे पाय बघा, गच्चीवर जा, पाण्याच्या टाकीचा तळ खालून बघा. कॉलमवर उभी चीर दिसली तर आतली सळई गंजून फुगलेली असण्याची शक्यता मोठी. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो. अशा चिरेवर नुसतं प्लास्टर चढवलेलं दिसलं तर जास्तच सावध व्हा. मग सेक्रेटरींकडे तीन गोष्टी मागा: शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा रिपोर्ट (सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे ३० वर्षांपुढच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं), सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीत, किती शिल्लक आहे, आणि मागच्या दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं. पुनर्विकासाचा ठराव झाला असेल तर तुमच्या नव्या टाइल्स दोन वर्षांत डबर होतील. तिथे दुरुस्तीत पैसे घालू नका. कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर झाल्याचा दस्त) आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरण्याची परवानगी) वकिलाकडून तपासून घ्या.

घर पावसाळ्यात बघा, शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये. दिवाळीत रंग मारलेली भिंत काहीच सांगत नाही. ओल दिसली की ती कुठून येते हे कळल्याशिवाय भाव ठरवू नका. फक्त पावसात येणारी ओल बाहेरच्या भिंतीची किंवा गच्चीची, आणि तो खर्च साधारणपणे सोसायटीचा. वरच्या घरात आंघोळ-धुणी झाल्यावर वाढणारी आणि रात्री कमी होणारी ओल सांडपाण्याच्या पाइपची किंवा नहाणी ट्रॅपची (बाथरूमच्या जमिनीत जाळीखाली बसवलेलं पाणी जायचं भांडं). दिवसरात्र सारखीच राहणारी ओल नळाच्या दाबाच्या पाइपची. ट्रॅपचा संशय असेल तर वरच्यांच्या परवानगीने तिथे रंगीत पाणी ओता. खाली तोच रंग उतरला की वाद मिटतो. आणखी एक सोपी चाचणी: संशयित भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि २४ तासांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा आहे.

सगळ्यात जास्त पैसा आणि डोकं बाथरूमला लागतं. जुन्या बाथरूमच्या खाली खोलगट स्लॅबमध्ये विटांच्या तुकड्यांची भर असते आणि ती वर्षानुवर्षं पाणी धरून बसलेली असते. वरच्या टाइल्सवर नव्या टाइल्स चिकटवल्या की ते पाणी तसंच राहतं आणि खालच्या घरात उतरत राहतं. भर पूर्ण काढा, स्लॅब धुऊन कोरडा करा. पाइप बदलून झाले की भिंत बुजवण्याआधी सगळी तोंडं प्लगने बंद करून दाबाचा काटा असलेल्या हातपंपाने पाण्याचा दाब द्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी काटा खाली आलेला असेल तर कुठला तरी सांधा गळतोय. ही चाचणी प्लंबर टाळायला बघतात. ती झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

नहाणी ट्रॅपभोवती साधं सिमेंट सुकताना आक्रसतं आणि तिथेच फट पडते, म्हणून न आक्रसणारा ग्राउट (फट भरायचं मिश्रण) वापरा. जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात काटकोन न ठेवता गोलाई (वाटा) काढा. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा; भिंतीवर निदान एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. सुकल्यावर ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवा आणि खालच्यांचं छत बघून या. कोरडं असेल तरच कोबा, म्हणजे टाइल्सखालचा उतार देणारा सिमेंटचा थर. उतार ८० ला १, म्हणजे पाच फुटांत पाऊण इंच. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे सिमेंटच्या रबडीवर ती नीट धरत नाही. टाइल अ‍ॅडहेसिव्हच हवं. ठोकून पोकळ आवाज आला तर ती टाइल त्याच दिवशी उचला.

स्लॅबचं पोपडं निघून सळई दिसत असेल, डाग तळहाताएवढा असेल आणि सळई झिजलेली नसेल तर ते काम स्वतः करता येतं. सळईच्या मागे बोट जाईल इतकं सैल काँक्रीट फोडा, तारेच्या ब्रशने गंज काढा, गंजरोधक लेप द्या, मग पॉलिमर मॉर्टर भरा, एका थरात दहा-बारा मिलिमीटरच. जास्त भरलं तर स्वतःच्या वजनाने खाली येतं. त्यानंतर सात दिवस पाणी मारा. बीम, कॉलम किंवा झिजलेली सळई यांना मात्र हात लावू नका; ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम. आतली भिंत पाडायची असेल तरी आधी त्याचाच लेखी सल्ला घ्या.

वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच. तुम्ही एवढं बघा: दिव्यांना १.५ आणि १६ अँपिअरच्या प्लगला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, गिझर-एसीला स्वतंत्र ४ ची, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि अर्थिंग खरंच जोडलेलं.

रंगकाम, बिजागऱ्या, नळ, टाइल्सच्या फटी भरणं इथे तुमचे हात खरोखर पैसे वाचवतात. नवं प्लास्टर चार आठवडे सुकू द्या. पांढरा क्षार आलेला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर पुन्हा भिंतीत जिरतो. पुट्टीचे दोन पातळ हात, मध्ये पॉलिश पेपर, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. इपॉक्सी ग्राउट एका वेळी थोडंच कालवा, अर्ध्या-पाऊण तासात ते दगड होतं, आणि टाइलवरचा थर ओला असतानाच पुसा.

काम सुरू करण्याआधी सोसायटीला लेखी कळवा, डबर पोत्यांत भरून महापालिकेने ठरवलेल्या जागीच टाका. आणि प्रत्येक पक्कं बिल जपून ठेवा, पैसे बँकेतून द्या: नवं बाथरूम किंवा नवं वायरिंग यांसारखा सुधारणेचा खर्च विकताना भांडवली नफ्यातून वजा मागता येतो, नुसता रंग किंवा किरकोळ दुरुस्ती सहसा नाही.