स्वतः गाण्याची चाल बांधणे हा आत्मपरीक्षणाचा प्रवास ठरू शकतो का?

होय, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे त्याची सुरुवात चाल सुचण्यापूर्वीच, पहाटे तंबोऱ्यावर खर्ज (खालच्या सप्तकातले सूर) लावताना होते, कारण षड्ज (सा) स्थिर राहत नसेल तर मनातली घाई, भीती किंवा छाप पाडण्याची इच्छा त्या आवाजात आपली आपल्यालाच ऐकू येते. गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या अभंगांत दळणकांडण आणि विठ्ठल एकत्र नांदतात. आमच्या मराठवाड्यात जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायकांनीही (ते सूर आता विरळ झाले, याचे फार वाईट वाटते) आपले सुखदुःख कुणा श्रोत्यासाठी नव्हे, तर स्वतःसाठीच मांडले. बांधलेली चाल मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आठवड्याने ऐकावी. जिथे विनाकारण तान घेतली, तिथे मी काय लपवत होतो, हे मला बहुधा तेव्हाच कळते.