रिकाम्या बूस्टरवरचा शेवटचा आकडा आधी वाचा

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. दारव्ह्याकडचं वावर, पहिलंच दोन टप्प्यांचं रॉकेट, बूस्टर (खालचा टप्पा) झकास पेटला, मग ‘दोन-तीन सेकंद काहीच नाही’, रॉकेट कलंडलं, ‘फट’ असा आवाज झाला आणि वरचा टप्पा दगडासारखा तुरीत जाऊन पडला. वरची मोटर (दारू भरलेली कागदी नळी) खराब निघाली का, असं तुम्ही विचारलंय.

मला तसं वाटत नाही. ते ‘दोन-तीन सेकंद काहीच नाही’ वाचलं आणि मला आमचं कुटार (मळणीनंतरचं वाळकं भूस) आठवलं. त्याचं पुढे सांगतो. आधी खालची रिकामी नळी उचला आणि तिच्यावर काय छापलंय ते बघा. सी सहा शून्य, की सी सहा तीन? आणि त्या दोन-तीन सेकंदांत मागून पांढऱ्या धुराची बारीक रेघ निघत होती का, ते व्हिडिओत तपासा. रेघ असेल तर तुमच्याकडून तेच झालंय जे माझ्याकडून झालं: खाली उशिराची मोटर बसली.

अक्षर (एकूण ताकद) आणि पहिला आकडा (सरासरी जोर) तुम्हाला माहीत असणार, त्यात वेळ घालवत नाही. घोळ शेवटच्या आकड्यात आहे. तीन, पाच, सात म्हणजे मुख्य दारू जळून गेल्यावर तितके सेकंद धूर काढणारा मसाला जळतो आणि मग पॅराशूट बाहेर फेकणारा बार उडतो. शून्यवाल्या मोटरीत हा मसालाही नसतो, बारही नसतो आणि पुढची मातीची टोपीही नसते. मुख्य दारू जळत जळत पुढच्या टोकाला आरपार फुटते, जळते कण आणि गरम वायू थेट वरच्या मोटरीच्या नोझलमध्ये, म्हणजे मागच्या भोकात, घुसतात आणि ती त्याच क्षणी पेटते. सगळी गंमत ‘त्याच क्षणी’मध्ये आहे, कारण तेव्हा रॉकेट सर्वांत जोरात आणि सरळ वर चाललेलं असतं. नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतं. न वापरलेल्या नळीत पुढून डोकावून पाहा. काळी दारू दिसली तर शून्यवाली, फिकट मातीचं बूच दिसलं तर दुसरी कुठली तरी.

मला हे माहीत नव्हतं का? होतं. तरी केलं, म्हणून तर एवढं लिहितोय.

दुकानात शून्यवाल्या संपल्या होत्या. दुकानदार म्हणाला, ‘शून्य काय, तीन काय, आत दारू तीच.’ तसं ते खोटं नव्हतं. दारू तीच असते. मीही मनाशी हिशेब केला की तीन सेकंद उशिरा पेटली तर उलट आणखी वर जाईल. हा हिशेब किती मूर्खपणाचा होता बघा. सी सहाचा जोर सरासरी 6 न्यूटन आणि एकूण आवेग (जोर गुणिले वेळ) जास्तीत जास्त 10 न्यूटन-सेकंद, म्हणजे जळणं पावणेदोन सेकंदांत आटोपतं. त्यानंतरचे तीन सेकंद म्हणजे वरच्या मोटरीचं मढं आणि खालची रिकामी नळी घेऊन मंदावत जाणारं रॉकेट. खालचे पंख मोठे, त्यामुळे वारा शेपटी ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं. तीन सेकंद संपेतो ते आडवं झालेलं असतं.

फेब्रुवारी होता. पऱ्हाटीची उलंगवाडी झालेली, वावर मोकळं, दुपारचे बारा. (दुपारी उडवणं ही दुसरी चूक.) वर गेलं मस्त. मग शांत. मग पांढरी रेघ पश्चिमेकडे वाकत गेली. ‘फट’ झालं, आणि तुमची पेटली नाही, माझी पेटली. आडवी. सापासारखी सळसळत धुऱ्यावरून पलीकडे गेली आणि काकांच्या सोयाबीनच्या कुटारात घुसली.

कुटार म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. आधी काहीच दिसलं नाही, नुसता पिवळट धूर. मी धावत पोचलो तोवर ढिगाच्या कुशीत टोपलीएवढं काळं भगदाड पडलं होतं आणि कडेनं लाल रेघ आत सरकत होती. चुलतभावानं फवारणीचा पंप पाठीवर घेतला, मी घमेल्यानं माती टाकली. पंप दोनदा भरला. अर्धा ढीग वाचला. काका बांधावर उभे होते, एवढंच म्हणाले, ‘दिवाळी गेली ना बे, आता कायचं रॉकेट सोडून रायला?’ दोन बंड्या कुटार विकत घेऊन दिलं, तरी पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. गोठ्यात तेव्हा चार जनावरं होती, त्यांचं बरोबरच होतं.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: शून्यवाली मिळत नसेल तर त्या दिवशी दोन टप्पे उडवूच नका. वरचा टप्पा एकटा उडवा, मन भरतं. आणि उलटी चूकही करू नका. एकट्या रॉकेटमध्ये शून्यवाली बसवली तर पॅराशूट वेळेवर उघडायला बारच नाही, वर जळते कण थेट पॅराशूटवर.

नळीवर शून्यच छापलेलं निघालं तर मात्र माझा सगळा तर्क खोटा. मग सांधा बघा. दोन मोटरी एकमेकींना टेकलेल्या हव्यात, मध्ये फट नको. फट राहिली की वायूचा दाब आधी दोन टप्पे दूर ढकलतो आणि वरची पेटायच्या आत खालचा गळून पडतो. सांध्यावर साध्या पारदर्शक सेलोटेपचा एकच वेढा द्यायचा. तो क्षणभर धरून ठेवतो आणि वरची पेटली की सुटतो. मी आधी वायरमनची काळी टेप वापरायचो. ती ताणते आणि फट पडते. सांध्याच्या नळीला रंग लावू नका, लागलाच असेल तर बारीक पॉलिश पेपरनं घासून टाका. उलटं धरून हलकं हलवलं की खालचा टप्पा आपल्या वजनानं सरकला पाहिजे, इतपत सैल. (हे टेप लावण्याआधी बघायचं.)

वजन किराणा दुकानातल्या काट्यावर करा. जोर वजनाच्या पाचपट तरी हवा. 6 न्यूटनला ते साधारण 120 ग्रॅम येतं, दोन्ही मोटरी धरून. पोरं वरून ऑइल पेंटचे तीन हात देतात आणि मग रॉकेट लाँचरची दांडी सोडतानाच डुलतं. गुरुत्वमध्य दोनदा तपासा, एकदा अख्ख्या रॉकेटचा आणि एकदा वरच्या टप्प्याचा एकट्याचा. पहिल्या उड्डाणाला वर कमी ताकदीच्या अक्षराची मोटर घाला, नाहीतर तुरीत शोधत बसाल.

आपल्याकडचा एक वेगळा त्रास म्हणजे ऊन. मे महिन्यात 45 अंश आणि डिसेंबरात पहाटे शेकोटी, त्यात मोटरी टिनाच्या खोलीत. दारूची कांडी फुगते, आकसते आणि कागदी नळीपासून सुटते. मग पेटवल्यावर आग कडेनंही शिरते, एकदम जास्त दारू जळते आणि नळी फाटते. माझी एक अशी दांडीवरच फुटली. मधल्या घरात, थंड जागी, डब्यात ठेवा. देवघरात नको, तिथं दिवा असतो.

उडवायचं तर डिसेंबर-जानेवारीत, सकाळी आठ-नऊला, दव असताना. अमेरिकेच्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या संहितेत वाऱ्याची मर्यादा ताशी 20 मैल आहे, म्हणजे सुमारे 32 किलोमीटर. दोन टप्प्यांना मी त्याच्या निम्म्यातही उडवत नाही. डी पर्यंतच्या मोटरीला 15 फूट दूर राहा असंही ती सांगते, पण आपण बांधावरून बटण दाबायचं. नाही पेटली तर लाँचरची चावी काढून 60 सेकंद थांबायचं. दांडीभोवती वाळकं गवत नको. पाण्यानं भरलेला फवारणीचा पंप जवळ पाहिजेच. त्याचीच 12 व्होल्टची बॅटरी लाँचरला लावायचा मोह होतो, मला झालाय. मग आग लागल्यावर पंप कशावर चालणार?

परवानगीचं विचारलंत. मी वकील नाही, माझ्या शब्दावर जाऊ नका. स्फोटकांचा कायदा 1884 चा, नियम 2008 चे, आणि त्या दोन्हींत खेळातल्या रॉकेटचा विचार करून कोणी बसलेलं नाही असा माझा अनुभव. मी लेखी विचारायला एका कार्यालयात गेलो, नाव घेत नाही. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला बाबूनं अर्ज वाचलाच नाही, फटाक्याच्या दुकानाचा फॉर्म हातात दिला. दुकान टाकायचं नाही म्हटलं तर म्हणाला, ‘मग कशाले पाहिजे परवानगी?’ ते लिहून द्या म्हटलं, तर चहाला गेला. तिसऱ्या खेपेचं एसटीचं भाडं आठवलं की आजही डोकं फिरतं. निदान पोलीस पाटलाला आणि शेजारच्या वावरवाल्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. मोटर परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. पोस्टानं मागवू नका, रेल्वेतून आणू नका, दोन्हीकडे स्फोटकांना बंदी आहे.

आणि तुमच्या पोस्टखाली कोणीतरी घरीच साखर-सोरा ठासून मोटर बनवायचा सल्ला दिलाय, तो ऐकू नका. हा छंद उभा राहिला तोच अशा ठासाठाशीत बोटं गमावणाऱ्या पोरांमुळे. 1954 मध्ये नेब्रास्कातल्या नॉरफोक गावच्या ऑरव्हिल कार्लाइल नावाच्या माणसानं, ज्याचं बुटांचं दुकान होतं, बदलता येणाऱ्या तयार मोटरीचं कागदी रॉकेट बनवलं. मोटर विकतची, बाकी सगळं घरचं, हीच त्याची सोय. बिनपरवाना दारू बनवणं गुन्हा आहे ते वेगळंच.

तुरीतून वरचा टप्पा निघाला असेल तर एक करा. आतली न पेटलेली मोटर पुन्हा वापरू नका. नोझलमध्ये काळी माती गच्च बसलेली असते, टाचणीनं निघते असं वाटतं, पण आपटून आतल्या कांडीला चीर गेली की बाहेरून कळत नाही. बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, नळी उलगडून दारूचा लगदा होईपर्यंत. मी ती बादली गोठ्याजवळ ठेवली होती आणि म्हशीनं तोंड घालायच्या आत आईनं पाहिलं. तुम्ही झाकण ठेवा.