पट्ट्या चिकटवायच्या आणि ओढायच्या, हे कसलं करिअर?

प्रश्न : तासगावात माझं मेडिकल स्टोअर आहे. मुलगी बी.फार्म.च्या सातव्या सेमिस्टरला आहे. आठव्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी वर्गातल्या बहुतेकांनी टॅब्लेटचे विषय घेतले. हिने मात्र औषधी पॅच त्वचेसारख्या लवचीक पृष्ठभागावर किती घट्ट चिकटतो, हे मोजण्याचा विषय धरून ठेवलाय. चार वर्षं शिकून रबराच्या तुकड्यावर पट्ट्या चिकटवायच्या आणि ओढायच्या, एवढंच करायचं का? मी स्वतः पॅच विकतो. उन्हाळ्यात कंबरदुखीचे पॅच गिऱ्हाईक परत आणून देतं, चिकटत नाहीत म्हणून. एमआरला, म्हणजे कंपनीच्या औषध प्रतिनिधीला, विचारलं तर म्हणतो, आमच्या टेस्टमध्ये पास आहे. मग या टेस्टचा उपयोग काय? हिने एम.फार्म. करावं, की रजिस्ट्रेशन करून दुकान बघावं?

उत्तर : सप्रेम नमस्कार. मुलीला हा विषय घेऊ द्या, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. पॅच टेस्टमध्ये पास होतो आणि गिऱ्हाइकाच्या कमरेवर नापास होतो. असं का होतं, हाच तर तिचा विषय. गल्ल्यावर बसून तुम्ही जी तक्रार ऐकता, तीच तुमची मुलगी प्रयोगशाळेत नेऊन मोजणार आहे.

एमआर खोटं बोलत नसावा. चिकटपणाची नेहमीची चाचणी गुळगुळीत स्टीलच्या पत्र्यावर होते. २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी चिकटवायची, तिच्यावरून दोन किलोचा रोलर फिरवायचा, मग पट्टीचं टोक मशीनच्या पकडीत देऊन मिनिटाला ३०० मिलिमीटर वेगाने सोलून काढायची आणि किती न्यूटन बल लागलं ते नोंदवायचं. यालाच पील टेस्ट म्हणतात. दुसरी टॅकची, म्हणजे हलक्या स्पर्शात गोंद किती पटकन धरतो याची. तिची जुनी साधी पद्धत अशी, की उतारावरून पोलादी गोळी गोंदावर सोडायची. गोळी जितकी लांब जाईल तितका टॅक कमी. तिसरी शिअरची : पट्टीला वजन टांगायचं आणि ती घसरून पडायला किती वेळ लागतो ते बघायचं. चिकटपट्टी, लेबल, बँडेज, सगळ्यांना याच तीन चाचण्या लागतात.

स्टीलचा पत्रा वापरण्यामागे कारण आहे. तो ताणला जात नाही, घाम सोडत नाही, सॉल्व्हंटने पुसला की पुन्हा पहिल्यासारखा. म्हणून पुण्यात काढलेला आकडा बोस्टनमध्ये काढलेल्या आकड्याशी ताडून बघता येतो. गोंदाची ही बॅच मागच्या बॅचसारखी आहे का, एवढंच विचारायचं असेल तर स्टील उत्तम. पण हा पॅच माणसाच्या अंगावर बारा तास टिकेल का, हे स्टीलला विचारून कळत नाही. दोन्ही प्रश्नांना एकच टेस्ट लावली की तुमच्या दुकानातला प्रकार घडतो.

त्वचा मऊ आहे, आणि मऊ पृष्ठभागावरून पट्टी सोलताना पृष्ठभागही पट्टीबरोबर वर उचलला जातो. स्वतःच्या दंडावरची सर्जिकल टेप हळूहळू काढून बघा. टेप सुटायच्या आधी कातडी तंबूसारखी उभी राहते. त्या क्षणी सोलण्याचा कोन बदलतो आणि लावलेल्या बलाचा काही भाग कातडी ताणण्यातच खर्च होतो. कोनाला किती महत्त्व आहे ते बघा : न ताणणारी पट्टी, टणक पृष्ठभाग आणि तोच गोंद धरला, तर सिद्धांताप्रमाणे १८० अंशांत सोलायला ९० अंशांच्या निम्मंच बल लागतं. मग कोन आपोआप बदलत असेल, तर मशीनवर दिसणारा आकडा गोंदाचा किती आणि खालच्या रबराचा किती, हे वेगळं काढणं म्हणजेच या प्रोजेक्टचा खरा अभ्यास. पट्ट्या ओढणं हे त्यातलं सर्वात सोपं काम.

त्यातून खाली रबर कोणतं घ्यायचं, हाही प्रश्न आहेच. सिलिकॉन सहज मिळतं, हवं तितकं मऊ ओतता येतं, म्हणून सगळे तिकडे वळतात. पण सिलिकॉनला ॲक्रिलिक गोंद नीट धरत नाही आणि सिलिकॉन जातीचा गोंद उलट गरजेपेक्षा जास्त धरतो. म्हणजे दोन पॅचची तुलना करायला गेलं, तर निकाल रबराच्या निवडीतच ठरून जातो. म्हणून कुणी पॉलियुरेथेन घेतं, कुणी जिलेटिन किंवा कोलॅजेनचा थर देतं, कुणी डुकराच्या कानाची कातडी वापरतं. माणसाच्या त्वचेला यातलं काहीच हुबेहूब जुळत नाही. म्हणून कोणत्या गुणासाठी कोणता पृष्ठभाग घेतला, हे प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये दोन परिच्छेदांत पटवून देता आलं, तर परीक्षक तिथेच सरसावून बसतील.

आणि हे सगळं मोजून मिळवायचं काय? पॅच अर्धा उचकटला, तर औषध त्वचेत जाणारं क्षेत्रफळ तेवढं कमी झालं. गोळी पोटात गेली की गेली. पॅचच्या बाबतीत डोस चिकटण्यावर अवलंबून असतो. त्वचेवाटे औषध देणारा पहिला पॅच अमेरिकेत १९७९ मध्ये मंजूर झाला, प्रवासात होणाऱ्या मळमळीवरचा स्कोपोलामाइनचा. पुढे हृदयविकारासाठी नायट्रोग्लिसरीन, तीव्र वेदनांसाठी फेंटानिल, सिगारेट सोडवण्यासाठी निकोटिन असे पॅच आले. फेंटानिलचा पॅच गळून पडणं तर जिवावर बेतू शकतं. असे सुटलेले किंवा टाकून दिलेले पॅच लहान मुलांच्या हाती लागून मृत्यू झाल्याने अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये लोकांना पुन्हा सावध केलं होतं. जेनेरिक पॅचसाठी तिथे माणसांवर चिकटपणाचा अभ्यास मागतात आणि त्याला ० ते ४ असे गुण देतात : ९० टक्के किंवा जास्त भाग चिकटलेला असेल तर ०, पूर्ण गळून पडला तर ४. माणसांवरचा असा अभ्यास खर्चिक. त्याआधी प्रयोगशाळेतच बरा-वाईट पॅच ओळखता यावा, यासाठी त्वचेसारख्या पृष्ठभागांची धडपड चालू आहे.

इकडे आपल्याकडे बी.फार्म., एम.फार्म.चे पॅचवरचे प्रोजेक्ट काढून बघा. जाडी मोजलेली असते, वजन असतं, ओलावा असतो, आणि एकाच जागी घडी घालत तीनशे वेळा दुमडलं तरी तुटलं नाही, अशी फोल्डिंग एंड्युरन्सची नोंद असते. पॅच चिकटतो का, हे अनेकदा कुणी बघितलेलंच नसतं. कारण बहुतेक फार्मसी कॉलेजांत ते मोजायचं मशीन नसतं आणि ते समजावणारं माणूसही नसतं. तुमच्या मुलीला विषय समजावणारे गाइड मिळालेत, हे भाग्यच समजा.

तुमच्या दुकानातलंच आणखी एक उदाहरण, कारण ते मुलीला प्रस्तावनेत वापरता येईल. टिकली. रोज कोट्यवधी बायका कपाळावर दाबाने चिकटणारा गोंद लावतात, तोही उन्हाळ्यात आणि घामात. टिकलीखालची त्वचा पांढरी पडल्याच्या केसेस भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवल्या आहेत. गोंदातलं पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे रसायन त्याला कारण असल्याचं दिसलं. म्हणजे गोंद घट्ट असून भागत नाही, तो कातडीला सोसायलाही हवा. म्हाताऱ्या माणसाची नाजूक त्वचा टेपबरोबर सोलली जाते, हे तुम्ही ड्रेसिंगच्या गिऱ्हाइकांकडून ऐकलंच असेल. फार चिकटला तरी वाईट, कमी चिकटला तरी वाईट. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची आहे.

आता करिअरचं बोलतो, आणि इथे मी रंगवून सांगणार नाही. भारतात ट्रान्सडर्मल, म्हणजे त्वचेवाटे औषध देणारे, पॅच बनवणारे कारखाने मोजकेच. अहमदाबादजवळ झायडसचा आहे, हैदराबादेत स्पर्शा फार्मा आहे. ‘पॅच तज्ज्ञ’ म्हणून सांगलीत कुणी नोकरी देणार नाही. पण जे कौशल्य ती शिकणार आहे, ते पॅचपुरतं नाही. ड्रेसिंग, ईसीजीचे इलेक्ट्रोड, स्टोमा बॅग (ऑपरेशननंतर पोटावर लावायची मलमूत्राची पिशवी), दंडावर चौदा दिवस राहणारे साखर मोजायचे सेन्सर, या सगळ्यांना त्वचेवर टिकणारा गोंद लागतो. लेबलांच्या गोंदालाही पील, टॅक आणि शिअरच लागतं. रांजणगावला एव्हरी डेनिसनचा कारखाना आहे आणि मुंबईत पिडिलाइट आहे. शिवाय २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सनंतर उपकरण बनवणाऱ्यांना कागदोपत्री चाचण्या दाखवाव्या लागतात, त्यामुळे चाचणी कशी आखायची आणि तिचा अर्थ काय, हे जाणणाऱ्यांना काम आहे. सुरुवातीची पदं साधी असतील : क्वालिटी कंट्रोल, फॉर्म्युलेशन डेव्हलपमेंट, व्हॅलिडेशन. पदाच्या नावावर जाऊ नका.

एम.फार्म.च करायचं असेल, तर जीपॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी आणि फार्मास्युटिक्स, म्हणजे औषधं बनवण्याचं शास्त्र, घ्यावं. पण माझा कल थोडा वेगळा आहे. या प्रोजेक्टमध्ये तिला खरोखर रस वाटला, तर नायपर अहमदाबाद या औषधशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेतल्या मेडिकल डिव्हाइसेस अभ्यासक्रमाकडे बघावं, किंवा गेट ही परीक्षा देऊन बायोमेडिकल बाजूला जावं. कोणत्या संस्थेत बी.फार्म. चालतं ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत तपासूनच अर्ज भरावा. मुंबईच्या आयसीटीत (रासायनिक तंत्रज्ञान संस्था) आणि पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पॉलिमरवर काम चालतं; तिथे उन्हाळ्यात काही आठवडे शिकायला मिळालं, तर ते बायोडेटातल्या दहा सर्टिफिकेट कोर्सपेक्षा जड भरेल. फार्मसीच्या मुलांची अडचण ही, की बारावीनंतर भौतिकशास्त्र सुटतं. ताण, विकृती, व्हिस्कोइलॅस्टिसिटी (थोडं रबरासारखं, थोडं घट्ट द्रवासारखं वागणं) हे शब्द आले की ती बिचकतात. एवढा भाग तिने या दोन महिन्यांत इंजिनीअरिंगच्या एखाद्या मित्र-मैत्रिणीकडून शिकून घ्यावा. सोबत थोडं संख्याशास्त्रही. एका नमुन्याचा आकडा म्हणजे काहीच नव्हे. निदान पाच-सहा नमुन्यांची सरासरी आणि आकडे तिच्याभोवती किती विखुरलेत, हे द्यायचं असतं.

आणि आकड्याआधी डोळे वापरायला शिकावं. पट्टी सुटल्यावर रबरावर गोंद उरला का? उरला, तर गोंद आतून फाटला, पृष्ठभागापासून सुटला नाही. एका पॅचचा गोंद उरला आणि दुसऱ्याचा नाही, तर दोन्हींना सारखेच न्यूटन आले तरी त्यांचे दोष वेगळे. आलेख करवतीसारखा दातेरी आला, तर पट्टी अडखळत, झटक्या-झटक्याने सुटतेय. दिवसभर लावलेल्या पॅचच्या कडेला जी काळी मळकट रेघ उरते, ती गोंद हळूहळू बाहेर पसरल्याची खूण. त्याला कोल्ड फ्लो म्हणतात. हे फोटोसकट नोंदवलेला रिपोर्ट मुलाखतीला घेऊन गेली, तर बोलायला भरपूर काही असेल. त्वचेच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३२ अंश असतं. चाचणी त्याच तापमानाला करता आली तर उत्तम, नाहीतर खोलीचं तापमान रोज लिहून ठेवावं. तासगावचा एप्रिल आणि जानेवारी यांत गोंद एकसारखा वागत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र तिला निक्षून सांगा. ‘करून तर बघू’ म्हणून हॉस्टेलच्या मैत्रिणींच्या हातावर पॅच लावायचे नाहीत. माणसांवर काहीही करायचं तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी, प्रयोग नंतर. औषध नसलेला नुसता गोंदाचा पॅच असला तरीही. बी.फार्म.च्या एका सेमिस्टरमध्ये ती मिळवण्याच्या भानगडीत न पडता सिलिकॉन आणि पॉलियुरेथेन या दोन पृष्ठभागांपुरतं काम ठेवलं, तर ते वेळेत पुरं होईल.

दुकानाचं म्हणाल, तर बी.फार्म. झाल्यावर फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तिने करून ठेवावंच. त्याचा आणि प्रोजेक्टच्या विषयाचा काही संबंध नाही. दोन-तीन वर्षं बाहेर काम करून तिला परत यावंसं वाटलं, तर दुकान आहेच. आधीच दुकानात बसवलं, तर उलट प्रवास अवघड होतो, एवढंच मी म्हणेन. निर्णय तुम्ही आणि तिने बसून घ्या; पत्र तुम्ही लिहिलंत, तिचं म्हणणं मला त्यात फारसं दिसलं नाही.

राहिला प्रश्न मशीनचा, आणि विषय नक्की करण्याआधी तो सोडवायला हवा. फार्मसी कॉलेजात टेक्स्चर ॲनालायझर, म्हणजे लहान बल मोजणारं मशीन, असेल तर प्रश्नच नाही. नसेल, तर गाइड शेजारच्या इंजिनीअरिंग कॉलेजातलं यूटीएम, म्हणजे वस्तू ओढून-दाबून तपासायचं मशीन, सुचवतील. सिव्हिलच्या लॅबमधलं यूटीएम लोखंडी सळई तोडायला असतं, काही शे किलोन्यूटनचं. त्याला पॅचचे दोन-चार न्यूटन कळणारही नाहीत. पडद्यावर नुसता गोंधळ दिसेल आणि सेमिस्टर वाया जाईल. मुलीला त्या लॅबमध्ये जाऊन मशीनच्या लोड सेलवर, म्हणजे बल मोजणाऱ्या भागावर, छापलेला आकडा बघून यायला सांगा. ५० किंवा १०० न्यूटनचा लोड सेल असेल, तर लगेच गाइडना होकार कळवा. नसेल, तर पॉलिमर, टेक्स्टाइल किंवा पॅकेजिंग शिकवणारं जवळपासचं कॉलेज शोधा. तिथे लहान लोड सेलचं मशीन मिळण्याची शक्यता जास्त, आणि प्राचार्यांचं पत्र नेलं तर बहुतेक ठिकाणी वापरू देतात.