गाळपेर आणि नाथसागराचा काठ

प्रश्न : जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाचे पाणी ओसरले की आम्ही उघड्या पडलेल्या गाळपेर (गाळाच्या) जमिनीत गहू, हरभरा आणि टरबूज घेतो. पूर्वी हाकेच्या अंतरावर चक्रवाक आणि पट्टकादंब हे स्थलांतरित पाणपक्षी उतरत. आता ते लांब पाण्यातच दिसतात. धरण पावसाळ्यात पुन्हा भरतेच, मग आमच्या चार महिन्यांच्या पिकाने पाणथळीचे असे काय बिघडते? (एक वाचक, पैठण तालुका)

उत्तर : धरण भरते हे खरे, परंतु पक्ष्यांच्या दृष्टीने पाणथळ म्हणजे ओसरत्या पाण्यामागे सरकत जाणारा घोटाभर पाण्याचा आणि ओल्या चिखलाचा पट्टा. तेथला मूठभर चिखल फोडून पाहिलात, तर तांबड्या बारीक अळ्या, गोगलगायी आणि कुजत आलेल्या पाणवनस्पती हाताला लागतील. शेकाट्या आणि तुतारी या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचे पोट यावरच भरते.

गाळपेर मुळातच घातक आहे, असे मी म्हणणार नाही. गाळ सकस असतो, त्यामुळे पूर्वी तेथे खताची फारशी गरज पडत नसे. हरभऱ्याचा कोवळा पाला तर पट्टकादंब आवडीने खातात (तुमची तक्रार असेल तर ती याचीच असावी). बिघाड होतो तो युरिया आणि तणनाशकामुळे. पावसाळ्यात तेच शेत पाण्याखाली गेले की जमिनीतले नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरते, शेवाळ व जलपर्णी माजते, रात्री त्यांच्या श्वसनात आणि कुजण्यात पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. अर्थात संभाजीनगरातून वाहत येणारी खाम नदीही शहराचे सांडपाणी याच जलाशयात आणते, तेव्हा सारा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. जेसीबीने काठ उकरला की उथळ उतार जाऊन उभ्या कडांचे खड्डे उरतात आणि चिखलात चालत चरणाऱ्या पक्ष्याला तेथे पायच टेकवता येत नाही.

पाणथळ जागांच्या संरक्षणासाठीच्या २०१७ च्या नियमांतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. नाथसागराला कायद्याचा आधार आहे तो १९८६ मध्ये मिळालेल्या पक्षी अभयारण्याच्या दर्जाचा.

आपल्या हाती इतके आहे : पाण्यालगतची पट्टी न पेरता सोडावी, तणनाशकाऐवजी खुरपणी करावी, आणि थवे सकाळ-संध्याकाळ चरत असल्याने पाण्यामागे पंपाची मोटार सरकवण्याचे काम दुपारी उरकावे.