कोटिंग केलेली गाडी, बोअरचं पाणी आणि खारा वारा

प्रश्न : जानेवारीअखेर कोल्हापूरला नेऊन आमच्या काळ्या गाडीला सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवतात तो पातळ पारदर्शक थर, करून घेतलं. २२ हजार मोजले. दुकानदार म्हणाला, आता पाच वर्षं गाडीकडे बघायला नको. मी दर रविवारी दुपारी, कामं आटोपली की, बोअरच्या पाण्याने आणि कपडे धुण्याच्या पावडरीने गाडी धुतो. चार महिन्यांत बॉनेटवर पांढरे गोल डाग पडलेत, पुसून जात नाहीत. पाणीही पहिल्यासारखं घरंगळत नाही. मी फसलो का?
— एक शिक्षक, देवगड तालुका

उत्तर : गुरुजी, कोटिंग बहुतेक शाबूत असणार. घात केला तो त्या 'बघायला नको'ने. तीस वर्षं मालवणात गाड्या रंगवतोय. पत्रा ठोकणं, पुट्टी भरणं, प्रायमर, रंग, यातच हात काळे झाले. कोटिंगचं काम अलीकडचं, पण त्याची तक्रार घेऊन येणाऱ्या दहातल्या आठ जणांची गोष्ट तुमच्यासारखीच असते : पाणी, साबण आणि ऊन.

कोटिंग किती कडक ते सांगायला दुकानदार '९ एच' म्हणतात, ते आधी डोक्यातून काढा. दुकानात हा आकडा ऐकला की माणसाला वाटतं गाडीवर चिलखत चढलं. हा एच पेन्सिलीचा आहे हो, तुमच्या वर्गात मुलांच्या कंपासपेटीत एचबी, टूएच असते ना, त्याच मापातला. थर एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), खालचा कंपनीचा रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा. हा थर सिलिकाचा. आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूतही सिलिकाच असतं, त्यामुळे फडक्यात अडकलेला वाळूचा एक कण त्यावर सहज रेघ ओढतो. कोटिंगचा खरा उपयोग वेगळा आहे. धूळ, चिखल, पक्ष्यांची विष्ठा घट्ट धरत नाही, धुणं सोपं होतं आणि डाग मुरायच्या आत काढायला थोडा वेळ मिळतो. धुवावं लागणारच.

आता डागांकडे. बोअरच्या पाण्यात विरघळलेला चुना आणि इतर क्षार असतात. कोटिंगवर पाण्याचे थेंब गोल फुगून बसतात. त्यावर दुपारचं ऊन पडलं की पाणी उडून जातं आणि क्षार तेवढ्याच गोलात मागे राहतात. ज्या थेंबांचं कौतुक करून तुम्ही कोटिंग घेतलंत, तेच थेंब डाग पाडतात. काळ्या रंगावर ते जास्तच उठून दिसतात. स्टीलचं ताट पालथं घाला, त्यावर बोअरच्या पाण्याचे चार थेंब टाका आणि उन्हात वाळू द्या. शेजारी विहिरीच्या पाण्याचे चार. कुठल्या पाण्याने पांढरं कडं उठतं ते दिसेल, प्रयोगशाळेत जायला नको. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुतेक मऊ असतं, पण समुद्राजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, म्हणून प्रयोग मेमध्ये करा.

बसलेल्या डागांसाठी पांढरं व्हिनेगर आणि साधं पाणी समसमान घ्या. गाडी सावलीत आणि थंड असताना ओल्या मायक्रोफायबर फडक्याने डागावर मिनिटभर धरा, घासू नका, आणि भरपूर पाण्याने धुवून टाका. बरेचसे डाग जातील. जे उरतील ते थराच्या आत उतरलेत असं समजा. ते पॉलिशनेच निघतात, आणि पॉलिशबरोबर तिथलं कोटिंगही निघतं. मग तेवढ्या भागावर परत लावून घ्यावं लागतं.

पाणी घरंगळत नाही म्हणजे कोटिंग उडालं, असं लगेच समजू नका. बऱ्याचदा वर मळाचं पुट चढलेलं असतं. कपड्यांची पावडर अल्कलीची, ती पुरती धुऊन निघाली नाही की तिचा थरही त्यात भर घालतो. ती आजपासून बंद. भांड्यांचा साबणही नको. पीएच ७ च्या आसपासचा गाडीचा शाम्पू आणा. त्याने नीट दोन-तीनदा धुतल्यावर पाणी पुन्हा पळायला लागलं तर कोटिंग जिवंत आहे.

धुताना गाडी सावलीत, सकाळी किंवा उन्हं कलल्यावर. बॉनेटवर तळहात ठेवून बघा, चटका लागला तर आधी चहा प्या. आधी नुसतं पाणी मारून लाल माती उतरवा, चाकांच्या वरच्या कमानीत ती गठ्ठ्याने बसते. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवा, एक पत्रा धुवा, साध्या पाण्यात पिळा, पुन्हा शाम्पूत. टपापासून खाली, सरळ रेषेत. गोल गोल नाही, त्याने उन्हात जाळ्यासारखे चरे दिसतात. चाकांचं फडकं वेगळं. शेवटी पाणी वाळायच्या आत मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने टिपून घ्या. सगळी मेहनत या शेवटच्या पाच मिनिटांसाठी. बोअरच्या पाण्याला दुसरा पर्याय नसेल तर निदान हे चुकवू नका. पहिल्यांदा मी असा दोन बादल्या घेऊन बसलो तेव्हा आई पडवीतून म्हणाली, "गाडी धुतंस काय झिलाक आंघोळ घालतंस?"

माझी एक सवय सांगतो, पटली तर बघा. पावसाचे पहिले पंधरा दिवस गेले, कौलं धुतली गेली की पागोळीखाली पिंप लावतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. शेवटचा हात त्याच पाण्याचा. गाडी पुसायला उशीर झाला तरी कडं उठत नाही.

प्रश्न : घर समुद्रापासून दोनशे पावलांवर. कोटिंग करूनही दरवाजाच्या खालच्या कडेला गंज दिसतोय. कोटिंग नकली असेल का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : कोटिंग रंगावर असतं, गंज खालून आणि आतून येतो. खारा वारा चासीला, सस्पेन्शनला, नटबोल्टला लागतो, तिथे कोटिंगवाल्याचा हात पोचलेलाच नसतो. दरवाजाच्या तळाला बारीक भोकं असतात, काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती लाल मातीने बुजली की दरवाजाची बादली होते. पातळ प्लॅस्टिकच्या काडीने ती मोकळी करा. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं अडकतात, तीही काढा, पावसाळ्यात दर आठवड्याला. तळाला पंधरवड्यातून एकदा गोड्या पाण्याचा जोराचा फवारा मारून घ्या आणि पावसाळ्याआधी अंडरबॉडी कोटिंग बघून घ्या. आलेला गंज तेवढ्यापुरता घासून, प्रायमर मारून रंगवून घ्यावा लागेल, वाट बघाल तितका तो आत जाईल.

किनाऱ्यावर गाडी घालत असाल तर बंद करा. दर मे महिन्यात वाळूत रुतलेली एखादी पाहुण्यांची गाडी भरतीच्या पाण्यात उभी असते आणि गावचे पोरगे दोर घेऊन धावतात. समुद्राचं पाणी वायरिंगमध्ये गेलं की माझ्यासारख्याकडे येऊन उपयोग नाही.

धुतल्यावर गाडी लगेच उभी करून ठेवू नका, थोडं चालवून ब्रेक दाबा, डिस्क सुकते. पावसात चार दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागेवर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. गंजून चिकटलेले ब्रेक सोडवायला मला दर जुलैत बोलावणी येतात. ताडपत्रीचं कव्हरही पावसाळ्यात नको. ओलं कव्हर वाऱ्याने हलतं आणि आतली माती रंगावर रात्रभर घासते.

प्रश्न : रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकली तर चालेल का? शिवाय अंगणात आंबा आणि फणस, दोन्हींचा चीक गाडीवर पडतो.
— एक गृहिणी, वेंगुर्ले

उत्तर : ताई, कोरडं फडकं नको. लाल मातीत बारीक खडा असतोच. धूळ राहू दे, ती दोन दिवसांनी धुताना जाईल. आंब्याचा चीक हातावर पडला तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, रंगावरही तो तसाच भाजतो. कोमट पाण्याचं ओलं फडकं त्यावर दहा मिनिटं ठेवा आणि उचलून घ्या, नखाने खरवडू नका. फणसाच्या चिकाला सुरीला लावता तेच खोबरेल, बोटाने हलकं चोळा, चीक सुटतो. मग लगेच शाम्पूने तेल धुवून काढा, नाहीतर संध्याकाळपर्यंत गल्लीतली सगळी धूळ तिथे बसलेली असेल.