रॅम वाढवली, तरी रिपोर्ट रांगतोच

प्रश्न: भाऊ, कळमन्यातल्या अडत्यांसाठी आमचं बिलिंग सॉफ्टवेअर आहे, मायएसक्यूएल या डेटाबेसवर. पावत्यांच्या टेबलात ४० लाख ओळी आहेत. तारखेवर इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची क्रमवार सूची) असूनही एका शेतकऱ्याचा वर्षाचा खातेउतारा निघायला मिनिट लागतं.

उत्तर: तुम्ही पाठवलेल्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागवायच्या आदेशात, आधी तारखेतून वर्ष आणि महिना काढलाय, मग तो जुळवलाय. तिथंच घोळ आहे. इंडेक्समध्ये मूळ तारखा क्रमानं लावलेल्या असतात, त्यातून काढलेलं वर्ष नसतं. मग सर्व्हर मुकाट्यानं सगळं टेबल वाचत बसतो. क्वेरीला एक्सप्लेन (ती कशी चालेल ते दाखवणारा आदेश) लावून बघा: टाइपच्या रकान्यात 'ऑल', म्हणजे सगळं टेबल, आणि ओळींच्या अंदाजात ४० लाखांच्या आसपासचा आकडा दिसेल.

अट अशी लिहा: तारीख १ एप्रिल २०२४ किंवा नंतरची, आणि १ एप्रिल २०२५ च्या आधीची. '३१ मार्चपर्यंत' लिहू नका. रकान्यात वेळही साठवत असाल, तर ३१ मार्चच्या दिवसभराच्या पावत्या गळतील आणि हिशेब जुळेना म्हणून अडत्या तुमच्याच नावानं बोंब मारेल.

मग शेतकरी क्रमांक आणि तारीख असा जोड-इंडेक्स करा, याच क्रमानं. त्या शेतकऱ्याच्या पावत्या तारखेवार सलग सापडतात. क्रम उलटा ठेवलात, तर वर्षभरातल्या सगळ्यांच्याच नोंदी चाळाव्या लागतात.

प्रश्न: गांधीबागेतल्या घाऊक कापड दुकानाचा सर्व्हर मी बघतो. रॅम ८ ची ३२ जीबी केली, काडीचा फरक नाही. शेठ मलाच विचारतात.

उत्तर: रॅम वाढल्याचं मायएसक्यूएलला कोणी सांगितलं का? मायएसक्यूएलमध्ये डेटा साठवणाऱ्या इनोडीबीचा बफर पूल (वाचलेला डेटा रॅममध्ये ठेवायची जागा) मुळात १२८ एमबीचा असतो. कॉन्फिग फाइलला हात लावला नसेल, तर तो आजही तेवढाच असेल. मशीन फक्त डेटाबेससाठी असेल तर एकूण रॅमच्या ७०-८० टक्के द्या; हिशेबाचं दुसरं सॉफ्टवेअरही त्यावरच चालत असेल तर निम्म्यावर थांबा. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीपासून हा आकडा चालू सर्व्हरवरही बदलतो, पण फाइलीतही लिहा. नाहीतर लाइट गेली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या! क्वेरी कॅशे (आधीच्या क्वेरींचे निकाल साठवायची सोय) वाढवायचा सल्ला कोणी दिला तर सोडून द्या, ती सोय ८.० मधून काढूनच टाकली आहे.

प्रश्न: सगळ्याच रकान्यांवर इंडेक्स केले तर?

उत्तर: नको. प्रत्येक नव्या पावतीला ते सगळे इंडेक्सही लिहावे लागतील. न वापरलेल्या इंडेक्सची यादी मायएसक्यूएलच्या सिस स्कीमात (सर्व्हरच्या कामाची माहिती देणाऱ्या तयार तक्त्यांत) मिळते, पण ती सर्व्हर सुरू झाल्यापासूनचीच असते. वर्षअखेरचे रिपोर्ट निघाल्याशिवाय काही पुसू नका.

प्रश्न: धंतोलीत आमची पॅथॉलॉजी लॅब आहे, डेटा पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर. बाहेरच्या केंद्रांचे निकाल पहाटे एकदम भरतो. नंतर आजच्या तारखेची यादी रखडते, कालची मात्र झटक्यात येते.

उत्तर: प्लॅनरकडची (क्वेरी कोणत्या वाटेनं चालवायची ते ठरवणाऱ्या भागाकडची) आकडेवारी शिळी असणार. ती आपोआप ताजी व्हायला टेबलाचा साधारण १० टक्के भाग बदलावा लागतो. मोठ्या टेबलात एका दिवसाची भर तेवढी नसते. आज मोजक्याच ओळी असतील असं धरून तो चुकीची वाट पकडतो. डेटा भरणाऱ्या स्क्रिप्टच्या शेवटी त्या टेबलावर ॲनालाइझ (ही आकडेवारी ताजी करणारा आदेश) चालवा. खात्री करायची तर एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये अंदाजी आणि प्रत्यक्ष ओळी शेजारी ठेवून बघा. मात्र हा आदेश क्वेरी खरोखर चालवतो. डिलीटवर लावायचा असेल तर आधी ट्रान्झॅक्शन उघडा आणि शेवटी रोलबॅक करा, म्हणजे खरंच काही पुसलं जाणार नाही.