बोरगडला बिबट्या नाही दिसला? कोळी तर दिसले!

प्रश्न : मागच्या रविवारी आम्ही सात जण नाशिकजवळच्या बोरगडच्या जंगलात गेलो होतो, बिबट्या दिसेल म्हणून पहाटे साडेपाचला निघालो आणि बघितलं काय तर कोळ्यांची जाळी, मिस्टरांच्या तोंडाला तर तीनदा चिकटली. ग्रुपमधले एक काका म्हणाले, जंगलात आता काही राहिलं नाही. खरंय का? आणि कोळी कीटकच ना? मुलगी म्हणते नाही.
(एक वाचक, पंचवटी)

उत्तर : ताई, मुलीला माझ्याकडून एक कुल्फी द्या. कोळी कीटक नाही. कीटक म्हणजे सहा पाय आणि डोकं, छाती, पोट असे तीन भाग. कोळ्याला आठ पाय, शरीराचे दोनच भाग, आणि मिशा नाहीतच. तो विंचू-गोचिडाच्या भावकीतला. खेकडा, गोम, गोगलगाय यांची घराणी आणखी वेगळी, पण कणा कुणालाच नाही म्हणून सगळे अपृष्ठवंशी. जगात प्राण्यांच्या जेवढ्या जाती माहीत आहेत त्यातल्या 100 पैकी 95 च्या वर याच मंडळींच्या आहेत, नुसत्या कोळ्यांच्याच 50,000 पेक्षा जास्त. तेव्हा काकांना सांगा, जंगलात भरपूर काही राहिलंय, फक्त ते गुडघ्याच्या खाली आहे.

आणि मिस्टरांना चिकटलं ते जाळं बहुतेक ताजं असणार. बरेच गोल जाळी विणणारे कोळी जुनं जाळं चक्क खाऊन टाकतात, त्याच प्रोटीनचा परत धागा करतात आणि पुन्हा नवीन विणतात. म्हणजे तुम्ही साडेपाचला निघालात तेव्हा तिथे एकाची नाइट शिफ्ट नुकतीच संपली होती 😄

बोरगड 2008 मध्ये राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झालं, क्षेत्रफळ जेमतेम साडेतीनशे हेक्टर. पण तिथे पडलेलं झाड पडलेलंच राहतं आणि पाचोळा कुणी झाडत नाही, सगळी गंमत त्यातच आहे. कॉलनीच्या गार्डनमध्ये माळी रोज झाडतो, पानं जाळतो, मग वाळवी, भुंगेऱ्यांच्या अळ्या, वाणी, गोम यांनी राहायचं कुठे? आणि ते नाहीत तर त्यांना खाणारे पण नाहीत. फुलपाखरांचंही तसंच, मादी अंडी घालताना झाड बघून घालते. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, ते लिंबाच्या जातकुळीतली झाडं शोधतं, म्हणजे शोभेची विदेशी झाडं कितीही लावा, त्याच्या अळ्यांना त्याचा उपयोग शून्य.

माझाच एक किस्सा सांगतो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात अंजनेरीच्या पायथ्याशी बुटात पाणी गेलं म्हणून एका करवंदाच्या जाळीसमोर बसलो, मोजे पिळत होतो. पानावर एक काळी मुंगी इकडून तिकडे, मिशा हलवत चाललेली. मी सहज बोट पुढे केलं तर तिने पानावरून खाली उडी मारली आणि धाग्याला लटकून राहिली! आता मुंगी कधी दोरी सोडून खाली उतरते का? नीट बघितलं, पाय आठ. पुढचे दोन पाय वर धरून मिशांची ॲक्टिंग चाललेली. हा मुंगीचं सोंग घेणारा उड्या मारणारा कोळी, मुंग्या चावऱ्या म्हणून पक्षी वगैरे त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत, त्याचा फायदा हा फुकटात घेतो. मोजे तसेच ओले, तासभर तिथेच बसलो होतो, बायको गाडीतून हॉर्न वाजवतेय.

पुढच्या वेळी असं करा, चालायचं कमी, एकाच झुडपासमोर वीस मिनिटं बसायचं. दगड उचलून बघितलात तर परत जसाच्या तसा ठेवा, खाली विंचू असू शकतो म्हणून हाताने नको, काठीने. रात्री राखीव जंगलात शिरू नका, पण मखमलाबादकडे कुणाचा मळा असेल तर बांधावर हेडटॉर्च लावून उभे राहा, डोळ्यांच्या रेषेत उजेड टाकला की गवतात हिरवे-निळे ठिपके चमकतात. दव वाटतं. जवळ गेलं की ठिपका पळतो, ते वुल्फ स्पायडर नावाच्या कोळ्याचे डोळे!

प्रश्न : लहानपणी मृग लागला की लाल मखमली किडे काडेपेटीत भरायचो. आता का दिसत नाहीत?
(एक वाचक, दिंडोरी)

उत्तर : दादा, काडेपेटीचा गुन्हा आम्ही पण केलाय. मृगाचा किडा हासुद्धा कीटक नाही, तो माइट, म्हणजे कोळी-गोचिडाच्याच भावकीतला, पाय आठ. गंमत म्हणजे पिल्लाला सहाच असतात आणि ते नाकतोड्यासारख्या किड्यांना चिकटून त्यांचा रस पिऊन वाढतं. मोठे झाले की जवळजवळ वर्षभर मातीत, पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर. म्हणजे त्याला न उकरलेली माती पाहिजे आणि नाकतोडे पण पाहिजेत. अंगणात पेव्हर ब्लॉक आणि बांधावर तणनाशक मारल्यावर दोन्ही जातं. तेलासाठी गोळा करून विकतात तो वेगळाच ताप. डोंगराकडेच्या पडीक जमिनीत बघा पुढच्या जूनमध्ये.

प्रश्न : पावसाळ्यात शू-रॅकखाली वाणी निघतात, हात लावला की पैशासारखे गोल होतात. विषारी आहेत का?
(एक वाचक, सिडको)

उत्तर : चावत नाहीत. घाबरले की वासाचा रस सोडतात, त्याने कातडीवर डाग पडतो, डोळ्याला लागला तर झोंबतो. कागदावर घ्या, कुंडीत सोडा, हात धुवा. पण लांब, चपटी आणि भराभर पळणारी असेल तर ती गोम, ती मात्र चावते.